गळ्याला बसलेला मुका मार: ओळख, पहिले तास आणि उपचार

उतारावर सायकलचा पुढचा ब्रेक अचानक लागला, मी पुढे फेकला गेलो आणि हँडलचे टोक माझ्या गळ्यावर बरोबर मध्यभागी आदळले. रक्त आले नाही, कातडी फाटली नाही; नाण्याएवढा लालसर डाग तेवढा उमटला होता. मी उठलो, कपडे झटकले आणि घरी आलो. दोन तासांनी फोनवर धाकट्या भावाने विचारले, "दादा, सर्दी झाली आहे का? तुझा आवाज ओळखू येत नाही." दुखणे फारसे नव्हते, त्यामुळे त्याचे बोलणे मी मनावर घेतले नाही. संध्याकाळी एके ठिकाणी दाखवले तेव्हा मानेचा एक्स-रे काढला गेला, हाड शाबूत असल्याचे सांगितले गेले आणि वेदनाशामक गोळ्या देऊन मला घरी पाठवण्यात आले. मध्यरात्री मात्र उताणे झोपवेना आणि श्वास आत घेताना बारीक शिटीसारखा आवाज येऊ लागला. दुसऱ्या रुग्णालयात नाकातून दुर्बीण घालून पाहिल्यावर स्वरयंत्राला सूज आलेली आणि डाव्या स्वरतंतूत रक्त साकळलेले दिसले. सीटी स्कॅनमध्ये स्वरयंत्राच्या कूर्चेला, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक अशा सांगाड्याला, केसाएवढी चीर आढळली.

मी डॉक्टर नाही. पुढील मजकूर एका रुग्णाने त्या प्रसंगात आणि नंतरच्या महिन्यांत तज्ज्ञांना प्रश्न विचारून, समजून घेऊन लिहिलेला आहे. रुग्णालयात लवकर पोहोचणे आणि तेथे काय चालले आहे ते कळणे एवढ्यासाठीच तो वापरावा. उपचाराचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

१. गळ्यात काय असते ते आधी समजून घ्यावे

गळ्याच्या पुढच्या बाजूने हलकेच बोट फिरवले तर हनुवटीखाली, जिभेच्या मुळाशी, घोड्याच्या नालेच्या आकाराचे एक लहान हाड लागते. त्याखाली कंठमणी असतो. तो म्हणजे ढालीसारख्या आकाराच्या कूर्चेचा पुढे आलेला भाग असून डॉक्टर या कूर्चेला थायरॉइड कार्टिलेज म्हणतात. स्वरतंतू हिच्याच आडोशाला असतात. तिच्या खाली अंगठीसारखी दुसरी कूर्चा असते, ती क्रिकॉइड. श्वासमार्गात चहूबाजूंनी पूर्ण असलेले कडे हे एवढेच. त्याखालच्या श्वासनलिकेच्या कड्या मागून उघड्या असतात. या सगळ्याच्या मागे अन्ननलिका, तिच्यामागे मानेचे मणके आणि दोन्ही अंगांना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या, अशी ही दाटीवाटीची रचना आहे.

एरवी हनुवटी, छातीचे हाड आणि मान खाली घालण्याची आपली उपजत सवय या भागाचे रक्षण करतात. मान वर उचललेली असताना मार बसला तर हे संरक्षण उरत नाही. मग पुढून घाव आणि मागे मणके, अशा ऐरणीवर स्वरयंत्र सापडते. वाहनाच्या स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर गळा आपटणे, दुचाकीवरून जाताना आडव्या बांधलेल्या दोरीला किंवा तारेला गळा अडकणे, खेळताना चेंडू, काठी किंवा कोपर लागणे आणि हातांनी किंवा फासाने गळा आवळला जाणे, ही अशा इजांची नेहमीची कारणे आहेत.

मुका मार म्हणजे कातडी न फाटता आत झालेली इजा. गळ्याच्या बाबतीत त्यातला खरा धोका सुजेचा असतो. कूर्चेचे कडे ताणून मोठे होत नाही, म्हणून आतल्या अस्तराला आलेली सूज श्वासाच्या वाटेतच पसरते. येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. ८ मिलिमीटर व्यासाच्या वाटेत सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली तर वाटेचे क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. तेवढीच सूज लहान बाळाच्या ४ मिलिमीटरच्या वाटेत आली तर ७५ टक्के वाट बंद होते. ही सूज मार बसताक्षणी पुरती आलेली नसते, ती पुढच्या काही तासांत वाढत जाते. मी घरी चालत येऊ शकलो आणि मध्यरात्री झोपू शकलो नाही, याचे कारण हेच.

२. पहिली पाच मिनिटे

जखमी व्यक्ती शुद्धीवर असेल तर तिला ज्या स्थितीत श्वास सोपा जातो त्याच स्थितीत राहू द्यावे. बहुतेकांना ताठ बसून किंचित पुढे झुकल्यावर बरे वाटते. अशा वेळी "जरा आडवा हो, बरे वाटेल" हा प्रेमाचा आग्रह घातक ठरू शकतो, कारण उताणे झोपल्यावर सुजलेले भाग मागे पडून वाट आणखी अरुंद होते.

मार वाहनाच्या अपघातात किंवा उंचावरून पडून बसला असेल, मानेच्या मागच्या बाजूला मध्यभागी दुखत असेल, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर मणक्यालाही इजा झाली आहे असे गृहीत धरून मान वळवू किंवा वाकवू नये. कोणीतरी दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत आधार देऊन धरावे आणि मदत येईपर्यंत सोडू नये. श्वास आणि मणका यांत ओढाताण होत असेल तर श्वासाला प्राधान्य द्यावे लागते.

गळ्याभोवतीची कॉलर, साखळी, ओढणी, हेल्मेटचा पट्टा सैल करावा. तोंडात रक्त येत असेल तर ते गिळू न देता बाहेर थुंकू द्यावे. आपल्या भागातील आपत्कालीन सेवेला फोन करताना "गळ्याला मार लागला आहे आणि श्वासाला त्रास होतो आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. व्यक्ती बेशुद्ध पडली आणि श्वास थांबला तर, येत असल्यास, सीपीआर सुरू करावा. येत नसल्यास फोनवरील व्यक्ती सांगेल त्याप्रमाणे छाती दाबत राहावे.

चित्रपटात कोणीतरी पेनची नळी गळ्यात खुपसून प्राण वाचवतो, ते दृश्य येथे कायमचे विसरावे. फुटलेल्या स्वरयंत्रात वाट शोधणे अनुभवी शल्यचिकित्सकालाही अवघड जाते.

३. धोक्याच्या खुणा ओळखाव्यात

बाहेरचा वण आणि आतली इजा यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती हीच ठेवावी. कातडीवर काहीही दिसत नसताना आतली कूर्चा तडकलेली असू शकते. म्हणून आरशात पाहत बसण्यापेक्षा आवाज, श्वास आणि गिळणे या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

आवाज ही सर्वांत लवकर बदलणारी आणि सर्वांत सहज दुर्लक्षिली जाणारी खूण आहे. तो घोगरा, फुटका, खोल गेलेला किंवा हवा निसटल्यासारखा येतो. स्वतःचा आवाज स्वतःला नीट कळत नाही, त्यामुळे घरातल्या माणसाने केलेले निरीक्षण अधिक विश्वासार्ह मानावे. फोनमध्ये अपघाताच्या आधीचा एखादा ध्वनिसंदेश असेल तर तो रुग्णालयात डॉक्टरांना ऐकवावा. आपला मूळ आवाज कसा होता हे त्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

श्वास आत घेताना शिटीसारखा किंवा कर्कश आवाज येणे, याला डॉक्टर स्ट्रायडॉर म्हणतात. वाट बरीच अरुंद झाल्याची ही निशाणी आहे. हा आवाज आला की वाट पाहण्याची मुदत संपली. गिळताना दुखणे, गिळता न आल्यामुळे तोंडातून लाळ गळणे, खोकल्यातून किंवा थुंकीतून रक्त येणे आणि उताणे झोपता न येणे, या प्रत्येक खुणेचा अर्थ ताबडतोब रुग्णालय असाच होतो.

आणखी दोन खुणा बोटांना कळतात, पण त्या शोधण्यासाठी गळा दाबू नये. हलका स्पर्श पुरेसा असतो. पहिली म्हणजे कातडीखाली कुरकुर लागणे. श्वासमार्ग किंवा अन्ननलिका फाटली की हवा ऊतींमध्ये शिरते आणि मान, कधी चेहरा व छातीही, फुगल्यासारखी दिसते. दुसरी खूण म्हणजे नेहमी ठळक दिसणारा कंठमणी सपाट झाल्यासारखा वाटणे. तेथील कूर्चा आत दबली असण्याची शक्यता असते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. माझ्या बोटावर मध्यरात्री ९८ हा आकडा दिसत होता आणि त्या आकड्यावर विसंबून आम्ही अर्धा तास घालवला. वाट अरुंद होत असताना शरीर अधिक जोर लावून श्वास घेत राहते, त्यामुळे रक्तातील प्राणवायू बराच काळ ठीक राहतो आणि जोर संपला की एकदम घसरतो. म्हणून आकड्यावर न जाता माणूस किती कष्टाने श्वास घेतो आहे ते पाहावे: बरगड्यांमधली आणि गळ्याच्या खाचेतली कातडी आत ओढली जाते का, एक वाक्य एका दमात बोलता येते का, चेहऱ्यावर अस्वस्थता आहे का.

४. घरी नेहमी होणाऱ्या चुका

• पाणी, चहा किंवा गोळी गिळायला देणे. अन्ननलिका फाटली असेल तर ते छातीच्या पोकळीत झिरपू शकते, शिवाय तातडीने भूल द्यावी लागली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते.

• गळ्याला तेल लावून चोळणे, शेकणे किंवा घट्ट पट्टी बांधणे. चोळल्याने तुटलेले भाग सरकू शकतात आणि उष्णतेने सूज वाढते. फार तर कापडात गुंडाळलेला बर्फ, दाब न देता, काही मिनिटे टेकवावा.

• मनाने वेदनाशामक घेणे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या औषधांनी आतला रक्तस्राव वाढू शकतो, आणि गुंगी आणणाऱ्या औषधांनी श्वासाची धडपड मंदावते.

• काहीतरी अडकले आहे असे समजून पाठीवर थापा मारणे किंवा पोट दाबणे. घशात काही अडकल्याची भावना सुजेची असते; थापांनी ती उतरत नाही.

• जोराने खोकणे, खाकरणे, नाक शिंकरणे आणि आवाज येतो का हे पाहण्यासाठी वारंवार ओरडून बघणे. दाबामुळे फाटीतून हवा ऊतींमध्ये ढकलली जाते.

• "रात्र काढू, सकाळी पाहू." माझी चूक हीच होती.

५. रुग्णालयात जाताना काय न्यावे आणि काय सांगावे

शक्य असेल तर जेथे चोवीस तास कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सीटी स्कॅन यांची सोय आहे अशा रुग्णालयात जावे. मात्र श्वासाला त्रास असेल तर अंतर पाहू नये; आधी जवळच्या ठिकाणी श्वासाची वाट सुरक्षित करून घ्यावी आणि मग हलवावे. स्वतः वाहन चालवत जाऊ नये. मागच्या आसनावर जखमी व्यक्तीशेजारी एक जण असावा, जो तिच्याशी बोलत राहील आणि आवाजातला बदल टिपेल.

बरोबर घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत: ओळखपत्र, विमा असल्यास त्याची कागदपत्रे, सध्या चालू असलेल्या औषधांची यादी, औषधांच्या अॅलर्जीची नोंद, आधीच काही तपासण्या झाल्या असतील तर त्यांचे कागद व चित्रे, आणि एक वही व पेन. ही वही सर्वांत उपयोगी पडते, कारण पुढचे काही दिवस कदाचित बोलता येणार नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

तेथे पोहोचल्यावर हकिगत लांबवू नये. मार कशाने, किती वेगाने आणि किती वाजता बसला. तेव्हा मान कशी होती. क्षणभर तरी शुद्ध हरपली होती का. आवाज कधी बदलला. शेवटचे खाणेपिणे कधी झाले, एवढे पुरते. अशा इजा क्वचित होतात, त्यामुळे अपघात विभागातील डॉक्टरांनी त्या फारशा पाहिलेल्या नसण्याची शक्यता असते. "आवाज बदलला आहे, स्वरयंत्र दुर्बिणीने पाहता येईल का?" असा नम्र पण स्पष्ट प्रश्न विचारायला संकोच करू नये. पहिल्या ठिकाणी मी हा प्रश्न विचारला असता तर ती रात्र टळली असती.

६. तपासण्या कोणत्या होतात

सर्वप्रथम श्वासमार्ग सुरक्षित आहे का ते पाहिले जाते आणि तो नसेल तर बाकीच्या तपासण्या थांबतात. तो ठीक असेल तर नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, डोळ्यांत पाणी येते, गिळावेसे वाटते आणि काही मिनिटांत सगळे आटोपते. "ई" असा स्वर काढायला सांगतात, तो दोन्ही स्वरतंतू सारखे हलतात का हे पाहण्यासाठी. बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत पाणीही पिऊ नये, अन्यथा ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

त्यानंतर बारीक कापांचा सीटी स्कॅन करतात. साध्या एक्स-रेमध्ये कातडीखालची हवा किंवा मणक्याची इजा दिसू शकते, पण कूर्चेची चीर बहुधा सुटते. तरुण माणसाच्या कूर्चेत चुना पुरेसा साठलेला नसल्याने ती एक्स-रेवर नीट उमटतच नाही. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" या वाक्यावर गळ्याच्या बाबतीत समाधान मानू नये. सीटी स्कॅनसाठी उताणे झोपावे लागते. झोपल्यावर श्वास अडकत असेल तर ते टेबलावर चढण्यापूर्वीच सांगावे.

रोहिणीला इजा झाल्याची शंका असेल तर शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा स्कॅन करतात. ही शंका हलकी मानू नये. २०१४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याला हेल्मेटच्या खाली मानेवर चेंडू लागला, मणक्यालगतच्या रोहिणीला इजा होऊन मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. गिळताना फार दुखत असेल किंवा ऊतींमध्ये हवा दिसत असेल तर अन्ननलिकेचीही तपासणी करावी लागते, कारण तिथली फाट उशिरा कळली तर जंतुसंसर्ग छातीत पसरतो.

७. इजेच्या तीव्रतेप्रमाणे उपचार

डॉक्टरांच्या बोलण्यात "ग्रुप वन", "ग्रुप टू" असे शब्द कानावर पडतात. शेफर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गवारीचे हे गट असून ते एकूण पाच आहेत. पहिल्या गटात किरकोळ सूज किंवा साकळलेले रक्त असते आणि कूर्चा शाबूत असते. दुसऱ्यात सूज अधिक असते, अस्तराला थोडी इजा असते किंवा कूर्चेला चीर असते, पण तुकडे जागचे हललेले नसतात. मी या गटात होतो. तिसऱ्यात मोठी सूज, फाटलेले अस्तर, उघडी पडलेली कूर्चा, सरकलेले तुकडे किंवा न हलणारा स्वरतंतू आढळतो. चौथ्यात कूर्चेचे अनेक ठिकाणी तुकडे होऊन स्वरयंत्राचा सांगाडाच अस्थिर होतो. पाचव्यात स्वरयंत्र आणि श्वासनलिका एकमेकांपासून तुटलेली असतात.

पहिल्या गटात आणि दुसऱ्यातील बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. निरीक्षणासाठी दाखल करणे, पलंगाची डोक्याची बाजू उंच ठेवणे, ओलसर हवा देणे, आवाजाला विश्रांती, सूज उतरावी म्हणून सुरुवातीच्या तासांत स्टिरॉइड, पोटातले आम्ल वर येऊन जखमेला लागू नये म्हणून औषध आणि अस्तर फाटले असेल तर प्रतिजैविक, असे या उपचारांचे स्वरूप असते. दुर्बिणीची तपासणी पुन्हा पुन्हा केली जाते, कारण पहिल्या वेळी किरकोळ दिसलेली इजा काही तासांत वरच्या गटात जाऊ शकते.

तिसऱ्या गटापासून पुढे बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती शक्यतो पहिल्या चोवीस तासांत व्हावी असा प्रयत्न असतो, कारण उशीर झाल्यास व्रण आकसून वाट आणि आवाज दोन्ही कायमचे बिघडण्याचा धोका वाढतो. फाटलेले अस्तर शिवतात, कूर्चेचे तुकडे बारीक पट्ट्यांनी जोडतात आणि गरज वाटल्यास आतून आधार म्हणून काही दिवसांसाठी स्टेंट ठेवतात.

८. निरीक्षणाखालचे तास

या काळात काहीच घडत नाही असे वाटते आणि म्हणूनच नातेवाईक अस्वस्थ होतात. "औषधे तर गोळ्यांची आहेत, मग घरी का जाऊ नये?" हा प्रश्न माझ्याही घरच्यांनी विचारला होता. दाखल करण्याचे कारण औषधे नव्हे; सूज वाढलीच तर दोन मिनिटांत धावून येणारी माणसे आणि साधने जवळ असावीत, हे आहे. किमान एक दिवस, आणि इजेप्रमाणे दोन-तीन दिवसही, ही मुदत असते.

सोबत राहणाऱ्याने रात्री झोपेतल्या श्वासाचा आवाज ऐकावा. नवीन घरघर, वाढती अस्वस्थता, फुगत जाणारी मान किंवा रुग्णाने उठून बसण्याची धडपड करणे, यांपैकी काहीही दिसले तर घंटी वाजवून न थांबता स्वतः परिचारिकेकडे जावे. मानेला पट्टा लावलेला असेल तर त्याखाली वाढणारी सूज झाकली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

न बोलणे वाटते तितके सोपे नाही. कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो, म्हणून कुजबुज हा पर्याय मानू नये. वहीत "पाणी", "दुखते", "श्वास जड", "डॉक्टरांना बोलवा" असे शब्द मोठ्या अक्षरांत आधीच लिहून ठेवावेत आणि बोट ठेवून दाखवावे.

९. ट्रॅकिओस्टॉमी करावी लागली तर

श्वासाची वाट धोक्यात असेल तर गळ्याच्या खालच्या भागात छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी बसवतात. तोंडातून नळी घालणे अधिक सोपे असताना गळा का कापायचा, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. तुटलेल्या स्वरयंत्रातून नळी ढकलताना ती चुकीच्या मार्गाने जाऊ शकते आणि अर्धवट जोडलेले भाग पुरते सुटू शकतात, म्हणून गंभीर इजेत इजेच्या खाली वाट करणे अनेकदा अधिक सुरक्षित असते. पुष्कळदा ही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना, जागेपुरती भूल देऊन करतात. पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो आणि मग हाती काहीच उरत नाही. संमतीपत्र समोर येईल तेव्हा ही पार्श्वभूमी माहीत असली तर सही करताना हात कमी थरथरतो.

नळी असताना सुरुवातीला आवाज येत नाही, कारण हवा स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही. आवाज कायमचा गेला असा त्याचा अर्थ नव्हे, आणि हे रुग्णाला आधीच सांगून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. नळी स्वच्छ कशी ठेवायची, स्राव कसा ओढून घ्यायचा आणि नळी निसटली तर काय करायचे, हे घरी सोडण्यापूर्वी निदान दोन नातेवाइकांनी परिचारिकेच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करून पाहावे. वाट पुरेशी मोकळी झाल्यावर नळी काढतात आणि छिद्र बहुधा आपोआप भरून येते.

१०. गळा आवळला गेला असेल किंवा जखमी मूल असेल

हातांनी, दोरीने किंवा कपड्याने गळा आवळला गेला असेल तर कातडीवर एकही खूण नसली तरी तपासणी करून घ्यावी. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांवर लाल ठिपके, घटनेच्या वेळी शुद्ध किंवा लघवीवरील ताबा जाणे, आवाज बदलणे, गिळताना दुखणे या खुणा आवर्जून सांगाव्यात. रोहिणीच्या आतल्या अस्तराला पडलेली चीर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही, मेंदूचा झटका आणू शकते. म्हणून नंतरच्या काळात एका बाजूला मान किंवा डोके दुखू लागले, एक पापणी झुकली, दिसणे अंधुक झाले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातला जोर गेला तर त्याच क्षणी आपत्कालीन विभाग गाठावा. अशी घटना दुसऱ्या व्यक्तीने केलेल्या हल्ल्यातून घडली असेल तर जखमी व्यक्तीला डॉक्टरांशी एकांतात बोलू द्यावे. वण पुढच्या एक-दोन दिवसांत अधिक गडद होऊ शकतात, त्यामुळे त्यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह पुन्हा काढावीत आणि वैद्यकीय नोंदीत घटनेचे वर्णन स्पष्ट आले आहे याची खात्री करावी.

मुलांची कूर्चा लवचीक असते आणि स्वरयंत्र वर, जबड्याच्या आडोशाला असते, त्यामुळे ती मोडण्याचे प्रमाण कमी असते. परंतु त्यांची वाट मुळातच अरुंद असल्याने थोड्या सुजेनेही श्वास कोंडतो. मूल सायकलच्या हँडलवर आपटले असेल आणि नंतर गप्प गप्प, लाळ गाळत, पुढे झुकून बसले असेल तर त्याला रडवू नये, तोंड उघडून घशात पाहण्याचा प्रयत्न करू नये आणि आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसवूनच न्यावे. वृद्धांत परिस्थिती उलट असते. वयानुसार कूर्चा कडक होत जाते आणि कमी जोराच्या मारानेही तडकते.

११. घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डावर इजेचा गट, स्वरतंतूंची हालचाल, दिलेली औषधे आणि पुढच्या दुर्बिणीच्या तपासणीची तारीख लिहिलेली आहे का ते तेथेच पाहून घ्यावे. सीटी स्कॅनचा अहवालच नव्हे तर मूळ चित्रेही मागून घ्यावीत.

सुरुवातीचे काही दिवस मऊ व कोमट अन्न लहान घासांनी घ्यावे. उशी उंच ठेवावी, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, धूम्रपान आणि धूर पूर्ण टाळावा. वजन उचलणे आणि कुंथणे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद ठेवावे. ऊतींमध्ये किंवा छातीत हवा शिरली असेल तर विमानप्रवासाबद्दल स्वतंत्रपणे विचारावे.

आवाज परत येण्याची वाट पाहणे हा या सगळ्यातला सर्वांत लांबलचक भाग आहे. पहिली विश्रांती संपल्यावर वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जावे. घोगरा आवाज ढकलून मोठा करण्याची चुकीची सवय फार लवकर लागते आणि मग सूज उतरली तरी ती सवय जात नाही. मला बोलण्यापुरता आवाज तीन आठवड्यांत आला. वरची पट्टी मात्र अडीच महिने लागत नव्हती आणि दिवस मावळता मावळता आवाज दमून जाई. स्वरतंतूचा लकवा असेल तर मज्जातंतू पुन्हा कार्यरत होण्यासाठी काही महिने, कधी वर्षभरही, वाट पाहून मगच कायमस्वरूपी शस्त्रक्रियेचा विचार होतो. मधल्या काळात पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते सांगावे, कारण गिळण्याचे व्यायाम त्याच वेळी सुरू करता येतात.

आवाज सुधारत असताना श्वास मात्र बिघडत चालला असेल तर ते वेगळे लक्षण आहे. जिना चढताना पूर्वी नसलेली धाप आणि पुन्हा शिटीसारखा आवाज, असे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जाणवू लागले तर व्रण आकसून वाट अरुंद होत असण्याची शक्यता असते. त्याला दमा समजून फवारे घेत बसू नये, दुर्बिणीची तपासणी पुन्हा करून घ्यावी. आणि पुढे आयुष्यात दातापासून गुडघ्यापर्यंत कोणत्याही कारणाने पूर्ण भूल घ्यायची वेळ आली, तर स्वरयंत्राला पूर्वी इजा झाली होती हे भूलतज्ज्ञाला आधी सांगून जुने कागद दाखवावेत, म्हणजे नळी कोणत्या मापाची आणि कशी घालायची याची तयारी त्यांना करता येते.